आजोबांचं जुनं डिझेल इंजिन चालू करायचंय? आधी हँडल मारू नका

विहिरीवरचं इंजिन कोठ्यात पंधरा-वीस वर्षं पडलं की पिस्टन बहुतेक वेळा जाम होतो, अन् आपण काय करतो तर भावकीतली दोन पोरं बोलवून हँडलला लोंबकळतो. तसं नका करू, पिस्टनच्या रिंगा तुटतात. हेड, म्हणजे सिलेंडरवरचं झाकण, काढून पिस्टनवर डिझेल अन् ऑइल मिसळून ओता, दोन-तीन दिवस मुरू द्या, मग फ्लायव्हील, म्हणजे बाजूचं जड चाक, हातानं मागंपुढं हलवत राहा, हळूहळू सुटतंय. चालू करायच्या आधी ऑइल नवं टाका, टाकीतलं जुनं डिझेल काढा, फिल्टर बदला, अन् डिझेलच्या पाइपातली हवा काढायची विसरलात तर इंजिन चालूच होणार नाही. रंगाची घाई तर मुळीच नको, आमच्या इंजिनावर आजोबांनी ब्रशनं नाव लिहिलेलं, मिस्त्रीनं पॉलिशपेपरनं घासून टाकलं, अजून हळहळ वाटते.