इलांग इलांगचं तेल घरी वापरायचं कसं?

पहिल्यांदा बाटली आणली तेव्हा मी डिफ्यूजरमध्ये, म्हणजे खोलीत वास पसरवायच्या यंत्रात, मोजून बारा थेंब टाकले. जुलै महिना होता, अजिंक्यताऱ्यावर दोन दिवस धुकं बसलेलं आणि घरभर दोरीवरच्या ओल्या कपड्यांचा कुबट वास. म्हटलं, जास्त टाकलं की कुबटपणा लवकर जाईल. अर्ध्या तासात कपाळ ठणकायला लागलं. सासूबाई एकेक खिडकी उघडत म्हणाल्या, "अगं, लग्नघर आहे का हे?"

चूक तेलाची नव्हती, हाताची होती. सुगंधी तेलांत हे फार बोलकं. दोन थेंबांत गोड, फुलाचं वाटतं. दहा थेंबांत डोकं दुखवतं, मळमळवतं. त्यामुळे पुढचं सगळं थेंब मोजूनच.

आधी ओळख. इलांग इलांग हे फिलिपिन्स-इंडोनेशियाकडचं झाड, शास्त्रीय नाव कनांगा ओडोराटा. कुळ आपल्या सीताफळाचं. हिरवा चाफाही त्याच कुळातला, म्हणून पिकलेल्या हिरव्या चाफ्याचा वास ज्यांना माहीत आहे त्यांना हे तेल परकं वाटत नाही. सोनचाफ्याशी मात्र याचं जवळचं नातं नाही, दुकानदार "चाफ्याचंच तेल" म्हणाला तरी. फुलं पिवळी झाली की पहाटे तोडतात आणि लगेच वाफेवर चढवतात. साधारण ५० किलो ताज्या फुलांतून लिटरभर तेल निघतं. आज याचं बरंचसं तेल कोमोरोस आणि मादागास्करकडून येतं. १९२१ साली आलेल्या 'शनेल नंबर ५' या अत्तरातही ते आहे.

बाटली घेताना

लेबलवर कनांगा ओडोराटा हे नाव आणि 'एसेन्शियल ऑइल' हे शब्द आहेत का बघा. 'फ्रेग्रन्स ऑइल' लिहिलं असेल तर तो नुसता वास, तेल नव्हे. पुढे 'एक्स्ट्रा', 'फर्स्ट', 'सेकंड', 'थर्ड' किंवा 'कम्प्लीट' असं काही दिसेल. ऊर्ध्वपातन तासन्‌तास चालतं आणि तेल टप्प्याटप्प्यानं काढून घेतात, त्याचे हे दर्जे. सुरुवातीचं 'एक्स्ट्रा' सर्वांत गोड आणि महाग, अत्तरवाल्यांचं. शेवटचं 'थर्ड' जड वासाचं, साबणात जाणारं. घरच्या वापराला 'कम्प्लीट', म्हणजे सगळे टप्पे एकत्र असलेलं तेल, पुरतं. 'एक्स्ट्रा'वर पैसे घालवू नयेत असं माझं मत. नुसतं 'कनांगा ऑइल' लिहिलेलं तेल स्वस्त असतं, पण ते जाव्हाकडचं वेगळं तेल.

भेसळीची एक साधी परीक्षा आहे. कोऱ्या कागदावर थेंब टाकून दिवसभर ठेवा. भज्यांच्या कागदासारखा तेलकट डाग तसाच राहिला, तर आत दुसरं तेल मिसळलेलं असण्याची शक्यता मोठी. ही परीक्षा अगदी पक्की नाही, पण उघड फसवणूक पकडते.

केसांचं तेल

निव्वळ तेल अंगाला कधीच लावायचं नाही. यानं त्वचेला ॲलर्जी होऊ शकते आणि एकदा झाली की पुढे थोडक्यानंही खाज सुटते. म्हणून १०० मि.ली. खोबरेलात १२ थेंब, ३० मि.ली. घेतलं तर ४. यावर जाऊ नका.

साताऱ्यात डिसेंबर-जानेवारीत खोबरेल दगडासारखं होतं. गोठलेल्यात थेंब टाकले तर ते वरच राहतात आणि पहिल्या बोटालाच सगळे लागतात. बाटली गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून तेल पातळ करा. गॅसवर ठेवू नका. कोमट झालं की थेंब घाला, झाकण लावा आणि बाटली चांगली हलवा. थंडीत मी सरळ घाण्याचं तिळाचं तेल घेते, ते गोठत नाही.

डोक्याला लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला या मिश्रणाचा एक थेंब चोळा आणि दोन दिवस थांबा. लाली आली, चुणचुण झाली तर बाटली कोणाला देऊन टाका. काही झालं नाही तर रात्री लावा, सकाळी न्हा. यानं केस वाढतात असं जिकडेतिकडे लिहिलेलं असतं. त्याला धड पुरावा नाही. वास मात्र उशीपर्यंत राहतो. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात पुरुष मॅकॅसर नावाचं सुगंधी तेल केसांना चोपडायचे. त्याचे डाग खुर्च्यांना पडू नयेत म्हणून पाठीवर कापड टाकायची पद्धत पडली. आपल्या सोफ्यावरचे क्रोशाचे रुमाल त्याच जातीचे.

खोलीत

डिफ्यूजरमध्ये १०० मि.ली. पाण्याला २ थेंब, अर्धा तास, खिडकी थोडी उघडी. डिफ्यूजर नसेल तर वाटीभर गरम पाण्यात २ थेंब टाकून वाटी कोपऱ्यात ठेवा. काही छोट्या प्रयोगांत या वासानं नाडी आणि रक्तदाब थोडा उतरलेला दिसला. तेवढ्यावर बीपीची गोळी सोडायची नाही. ज्यांचा बीपी मुळात कमी राहतो त्यांनी जपून.

रुमालासाठी रोल-ऑन करायचा असेल तर १० मि.ली. तिळाच्या किंवा बदामाच्या तेलात इलांग इलांगचा एक थेंब आणि लव्हेंडरचे दोन. बस.

पोटात घ्यायचं नाही, डोळ्याजवळ नाही, लहान बाळांच्या खोलीत नाही. गरोदरपणात डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. घरात मांजर असेल तर तिला बाहेर जायला वाट ठेवा. हातावर निव्वळ तेल सांडलं तर पाण्यानं जात नाही. आधी खोबरेल चोळून पुसा, मग साबण.

बाटली गडद काचेची, झाकण घट्ट, जागा थंड आणि अंधारी. रबरी ड्रॉपर आत बुडवून ठेवू नका, रबर विरघळून चिकट होतं. वर्ष-दोन वर्षांत तेल जुनं होतं, वासाला आंबटपणा येतो, आणि असं तेल त्वचेला जास्त बाधतं. मी ते कापसावर टाकून चपलांच्या कपाटात ठेवते. जुलैत तिथे त्याची गरज असतेच.