‘काढणे’ची इंग्रजी आणि मधे बसणारं ‘इट’

मराठीत आपण फोटो काढतो, पैसे काढतो, दात काढतो, चप्पल काढतो, कुणाची खोडीही काढतो. इंग्रजीत मात्र प्रत्येकाचं बिऱ्हाड वेगळं: फोटो ‘टेक’, पैसे ‘विदड्रॉ’ किंवा ‘टेक आउट’, चप्पल ‘टेक ऑफ’, तण ‘पुल अप’, कोंबडीची पिसं ‘प्लक’. हे पाठ होतं. दाताचं तेवढं सांभाळा. ‘आय पुल्ड आउट माय टूथ’ म्हणजे तुम्ही स्वतःच पक्कड घेऊन बसलात! डॉक्टरांनी काढला असेल तर ‘आय हॅड अ टूथ टेकन आउट’.

खरी गोची सर्वनामाची. ‘टेक ऑफ युअर शूज’ चालतं, ‘टेक युअर शूज ऑफ’ही चालतं. पण ‘शूज’ जाऊन ‘देम’ आलं की ते मधेच बसतं: ‘टेक देम ऑफ’. ‘टेक ऑफ देम’ नाही. ‘पिक इट आउट’ (निवडून काढ); ‘पिक आउट इट’ नाही. ‘पुल इट आउट’. ‘पुल आउट इट’ नाही. तेच तेच सांगतोय, कारण क्लासमध्ये मला हे कुणी सांगितलं नाही, आणि मुलाखतीच्या घाईत जीभ नेमकी इथेच घसरते. हे जरा अंगवळणी पडतंय तोवर ‘पिक ऑन’ भेटतं, म्हणजे एखाद्याच्या सारखं मागे लागून त्याला छळणं. तिथे उलटं: ‘पिक ऑन हिम’च. ‘पुल आउट ऑफ इट’ (त्यातून अंग काढून घेणं) हेही असंच, फोडता येत नाही.

ओळखायचं कसं? ऑक्सफर्ड किंवा लाँगमनचा शिकणाऱ्यांसाठीचा शब्दकोश उघडा. ‘पिक समथिंग आउट’ लिहिताना ‘समथिंग’ आणि ‘आउट’च्या मधे दुतोंडी बाण असतो. बाण दिसला की ‘शूज’सारखं नाम मधेही बसतं, शेवटीही; ‘इट’, ‘देम’ मात्र मधेच. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या फ्रेझल व्हर्ब्जच्या (म्हणजे ‘टेक ऑफ’सारख्या जोड-क्रियापदांच्या) पीडीएफमध्ये मला तो बाण आजवर दिसलेला नाही. शेजारी नुसता मराठी अर्थ. डिलीट करा ती, खरंच.

आयईएलटीएसवाल्यांनो (म्हणजे परदेशी जाण्यासाठी इंग्रजीची ती परीक्षा देणाऱ्यांनो), बोलण्याची परीक्षा 11 ते 14 मिनिटांची, आणि शब्दसंपत्ती हा चार निकषांपैकी एकच. तिथे फ्रेझल व्हर्ब्ज शोभतात. लेखनात प्रक्रियेची आकृती आली तर मात्र बियांतून तेल ‘एक्स्ट्रॅक्ट’ करा, साल ‘रिमूव्ह’ करा. ‘पुल आउट’ नको. आणि बोलताना ‘इट’ कुठे ठेवायचं हे आठवेनासं झालं, तर सरळ ‘रिमूव्ह इट’ म्हणा आणि पुढचं वाक्य धरा. थोडं पुस्तकी वाटेल, पण व्याकरण शाबूत राहतं. घाबरू नका, आयईएलटीएसमध्ये नापास हा प्रकारच नाही, फक्त बँड, म्हणजे गुणांची पातळी, मिळते.