क्लासिक कूपेचं कन्व्हर्टिबल करताय? ग्राइंडर हातात घेण्याआधी या चुका टाळा

जुन्या स्पोर्ट्स कूपेचं (दोन दारांच्या, कायमचं छप्पर असलेल्या गाडीचं) छप्पर कापून ओपन गाडी करायची हौस बऱ्याच जणांना असते आणि त्यात गैर काहीच नाही, पण या कामात गाड्या वाया जातात त्या बहुतेक वेळा कामाचा क्रम चुकल्यामुळे. आधी कापून टाकू, मजबुतीचं नंतर बघू, ही सगळ्यात महागात पडणारी चूक.

पहिल्यांदा आपली गाडी कशी बांधलीय ते बघा. ट्रायम्फ जीटी6 किंवा जुनी कॉर्व्हेट यांना खाली वेगळी चासी, म्हणजे बॉडीपासून वेगळा सांगाडा आहे, सगळा भार ती घेते, त्यामुळे काम त्यातल्या त्यात सोपं. पण जॅग्वार ई-टाइप, मस्टँग, डॅटसन 240झेड यांची मधली बॉडी मोनोकॉक, म्हणजे तिथे छप्पर हा सांगाड्याचाच भाग आहे. बुटाच्या खोक्याचं झाकण काढून खोकं दोन्ही टोकांना धरून पिळून बघा, नेमकं तेच होतं. फोर्डने मस्टँग कन्व्हर्टिबल बनवताना नुसतं छप्पर काढलेलं नाही, सिलच्या (दाराखालच्या लांब पोकळ पट्टीच्या) आतून आणि फ्लोअरला वेगळी मजबुती दिलीय. जे कंपनीला करावं लागलं ते आपल्यालाही करावंच लागणार, यात शॉर्टकट नाही.

मग क्रम काय? आधी सिल तपासा, रंगाखाली गंज लपलेला असतो, तेव्हा टोचून बघा, आणि सडका पत्रा असेल तर तो पूर्ण काढून नवा टाका, कारण गंजक्या सिलवर मारलेली मजबुतीची पट्टी काहीच धरत नाही. त्यानंतर सिल आतून जाड पत्र्याने भक्कम करा, दोन्ही सिल जोडणारा आडवा मेंबर (मजबुतीचा दांडा) सीटखालून न्या, मागची बल्कहेड (सीटमागची आडवी भिंत) पक्की करा, पुढच्या पिलरच्या (काचेच्या बाजूच्या खांबाच्या) बुडाशी जोड द्या. हे सगळं छप्पर जागेवर असताना. वेल्डिंग एका दमात लांबलचक ओढू नका, पत्रा तापून ओढला जातो, छोटे टाके मारा, थोडं डावीकडे थोडं उजवीकडे करत जा. बॅटरीची वायर आधी काढायला विसरू नका.

यानंतर दरवाजाच्या चौकटीत स्क्वेअर ट्यूबचा तात्पुरता क्रॉस आणि दोन बाजूंमध्ये आडवी ट्यूब वेल्ड करून घ्या, आणि गाडी सपाट जमिनीवर चाकांवरच किंवा सस्पेन्शनच्या पॉइंटखाली स्टँड लावून ठेवा. मधोमध जॅक लावून कापलेली गाडी त्याच वाकड्या आकारात पक्की होते, मग काहीही करा दरवाजे बसत नाहीत. दरवाजाच्या चारही बाजूंची फट मोजून मास्किंग टेपवर तिथल्या तिथे आकडे लिहून ठेवा, वरच्या बिजागरीपासून लॉकपर्यंतचं आणि चौकटीच्या दोन्ही कर्णांचंही माप घ्या. पिलर कापताना हवं त्यापेक्षा थोडं जास्त ठेवा, नंतर घासता येतं, वाढवता येत नाही.

कापून झाल्यावर दरवाजा वरच्या मागच्या कोपऱ्यात घासतोय आणि खाली फट वाढलीय? म्हणजे गाडी मधे खचलीय. बिजागऱ्या ॲडजस्ट करून हे लपवतात बरेच जण, प्लीज नका करू. सिलची मजबुती कमी पडलीय, क्रॉस परत लावा, माप जुन्या आकड्यांवर आणा आणि मग पत्रा वाढवा. तात्पुरते क्रॉस काढल्यावर एक टेस्ट करा, पुढचा एक कोपरा हळूच जॅकवर घ्या आणि दरवाजा उघडून बंद करून बघा. अडकला तर काम बाकी आहे. खड्ड्यातून जाताना स्टिअरिंग आणि डॅशबोर्ड थरथरत असेल तर दोष सहसा पुढच्या बल्कहेड (इंजिन आणि केबिनमधली भिंत) आणि सिलच्या जोडात सापडतो.

सीटबेल्टकडे लोक अक्षरशः बघतच नाहीत! वरचा पॉइंट दाराच्या मागच्या पिलरला असतो, पिलर कापला की तो गेला, मग कुणीतरी बेल्ट मागच्या फ्लोअरला बांधतो. बेल्ट खांद्याच्या बराच खालून ओढला गेला तर अपघातात मणक्यावर दाब येतो. सांगाड्याला नीट जोडलेला रोल हूप (सीटमागची मजबूत पाइपची कमान) करून घ्या आणि बेल्टचा पॉइंट खांद्याच्या उंचीला द्या.

अजून एक, कोणती गाडी कापायची याचा विचार. फेरारी 365 जीटीबी/4 डेटोनाच्या स्पायडर, म्हणजे ओपन गाड्या, कंपनीने फक्त 122 बनवल्या, म्हणून नंतर बऱ्याच कूपे कापून स्पायडर केल्या गेल्या, आणि आज त्या ओरिजिनल स्पायडरच्या किमतीच्या आसपासही जात नाहीत, चासी नंबरवरून लगेच कळतं. माझं स्पष्ट मत आहे, चांगली ओरिजिनल दुर्मिळ कूपे कापू नये, ज्या गाडीचं छप्पर आधीच सडलंय किंवा चेपलंय तीच घ्यावी. बदल कागदपत्रांवर आणि इन्शुरन्समध्ये कसे नोंदवावे लागतील तेही कापायच्या आधी विचारून घ्या.

सॉफ्ट टॉप, म्हणजे कापडी छप्पर, सगळ्यात शेवटी. त्याच मॉडेलच्या ओपन गाडीची फ्रेम बसेलच असं धरून चालू नका, एमजीबी जीटीची पुढची काच रोडस्टरपेक्षा (एमजीबीच्या ओपन मॉडेलपेक्षा) उंच आहे, तिथे रोडस्टरचं टॉप तसंच्या तसं लागत नाही. खिडकीची काच टफन्ड (तापवून कडक केलेली) असते, ती कापता येत नाही, कापायला गेलात की चुरा होतो, त्यामुळे नव्या मापाची बनवूनच घ्यावी लागते. आधी दरवाजे आणि काचा फायनल करा, मग फ्रेम, मग रबर, आणि कापड त्यानंतर. पाणी गळत असेल तर सिलिकॉन भरत बसू नका, काच वर करून रबरावर खडू लावा, दार बंद करून उघडा, जिथे काचेवर खडू उमटला नाही तिथूनच पाणी येतंय, तेवढ्याच जागी काच ॲडजस्ट करा.