डिझायनरला कधी बोलावता, तिथून सुरुवात करा

सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीत डिझाइन टीमची उमेद कामाच्या ओझ्याने खचते त्यापेक्षा जास्त उशिरा बोलावण्याने खचते. फीचर ठरलं, तारीख ठरली, अर्धा कोड लिहून झाला आणि मग निरोप येतो: ‘जरा चांगलं दिसेल असं करून द्या.’ तेव्हा हातात रंग आणि फॉन्ट एवढंच उरलेलं असतं. म्हणून अडचण पहिल्यांदा मांडली जाते त्याच बैठकीत डिझायनर हवा. अडचणीचं एकच पान करा: त्रास कोणाला होतो, हे कशावरून कळलं, सुटला हे कसं ओळखायचं. उपाय लिहू नका. आयता स्क्रीन काढून आणला की चर्चा बटणांवर घसरते.

खरं नुकसान होतं रिव्ह्यूमध्ये, म्हणजे डिझाइन सगळ्यांसमोर तपासायच्या बैठकीत. ४५ मिनिटं आणि पाच-सहा माणसं पुरतात. सुरुवातीला डिझायनरने सांगावं: काम कुठवर आलंय, कोणत्या मर्यादा आहेत, मत कशावर हवंय. पुढची ५ मिनिटं सगळ्यांनी गप्प बसून आपापले मुद्दे लिहायचे. सर्वांत वरिष्ठ व्यक्तीने शेवटी बोलायचं; ती आधी बोलली की बाकीचे माना डोलावतात. ‘मला निळा आवडत नाही’ हा शेरा धरू नका. ‘या राखाडी अक्षरांचा कॉन्ट्रास्ट (अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं प्रमाण) ४.५:१ पेक्षा कमी आहे, वाचायला त्रास होईल’ हा मुद्दा धरा, कारण त्यावर काम करता येतं.

अंतिम निर्णय कोणाचा, ते बैठकीआधी ठरलेलं असावं. डिझायनरचं म्हणणं डावलायला हरकत नाही, पण कारण एका ओळीत डिझाइन फाइलमध्येच लिहा. नाहीतर तोच वाद तीन महिन्यांनी पुन्हा उभा राहतो. इथे एक खूण ओळखून ठेवा: नोकरी सोडण्याच्या कितीतरी आधी माणूस दुसरा पर्याय आणणं सोडतो.

मतामतांत अडकलात तर डिझाइन वापरणाऱ्यांसमोर ठेवा. वापरसुलभतेचे (युजेबिलिटी) तज्ज्ञ याकोब नील्सन यांनी २००० साली सुचवल्याप्रमाणे चाचणीच्या एका फेरीला ५ जण पुरतात. दुरुस्ती करून पुन्हा ५. डेव्हलपर आणि प्रॉडक्ट मॅनेजर यांनी शेजारी बसून फक्त टिपणं काढावीत. एखादी व्यक्ती बटण शोधताना चाचपडते हे डोळ्यांनी पाहिलं की डिझायनरला बाजू मांडत बसावं लागत नाही. मात्र या ५ जणांवरून टक्केवारी काढू नका. ही चाचणी दोष शोधायची आहे, मोजायची नाही.

रिलीजआधी किमान अर्धा दिवस डिझायनरच्या तपासणीसाठी राखा: रिकामा स्क्रीन, लोडिंग, एरर, लांबलचक नाव. सापडलेल्या चुका बाकीच्या बगसोबत त्याच बोर्डावर टाका. वेगळ्या यादीत गेल्या की त्या ‘नंतर बघू’मध्ये पडून राहतात.

आणि बढती. माणसं न सांभाळता, केवळ कामाच्या जोरावर वर जाता येईल अशी वाट लेखी ठेवा, आणि पगाराची श्रेणी त्याच पातळीच्या इंजिनिअरइतकी ठेवा.