कडाक्याच्या थंडीत गाडीचा हीटर चालेनासा झाला, तर दोष कसा शोधावा आणि दूर करावा

पारा शून्याच्या बराच खाली उतरला की गाडीतील हीटरला चैनीची वस्तू म्हणता येत नाही. पुढच्या काचेवरचे दव आणि आतून धरणारा बर्फ त्याच्याच हवेने वितळतो, आणि काच साफ नसेल तर गाडी रस्त्यावर आणणेच धोक्याचे ठरते. हीटर थंड हवा फेकू लागला की पहिला संशय डॅशबोर्डवर जातो. प्रत्यक्षात मोठ्या थंडीत उद्भवणारा दोष बहुधा बॉनेटखाली असतो, आणि तोही हीटरचा नसून इंजिन पुरेसे तापत नसल्याचा किंवा कूलंट, म्हणजे इंजिनाची उष्णता वाहून नेणारा द्रव, कमी पडल्याचा असतो. म्हणून डॅशबोर्ड उघडण्याची घाई न करता सोप्या आणि स्वस्त तपासण्या आधी उरकाव्यात.

पेट्रोल आणि डिझेल गाड्यांत हीटर स्वतः उष्णता निर्माण करत नाही. इंजिनभोवती फिरून तापलेले कूलंट दोन रबरी नळ्यांतून डॅशबोर्डमागील हीटर कोअर नावाच्या छोट्या जाळीत येते, तिच्यावरून ब्लोअर नावाचा पंखा हवा ढकलतो आणि ती गरम हवा आत येते. इंजिन गरम असणे, कूलंट भरपूर असणे, ते कोअरमधून वाहणे आणि हवा कोअरवरून जाणे, या चारांपैकी एक गोष्ट बिघडली तरी प्रवाशांना हुडहुडी भरते.

काम सुरू करण्यापूर्वी

गरम इंजिनावरील रेडिएटरचे किंवा कूलंटच्या टाकीचे झाकण कधीही उघडू नये. आतील द्रव दाबाखाली असल्यामुळे शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही, मात्र झाकण सैल होताच तो उसळून बाहेर येतो आणि हात-तोंड भाजते. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नये, आणि गाडी बर्फात उभी असेल तर आधी सायलेन्सरच्या नळीचे तोंड मोकळे करावे, कारण कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो ना वास. इथिलीन ग्लायकॉलचे कूलंट विषारी असून चवीला गोड लागते, त्यामुळे सांडलेले थेंब लगेच पुसावेत आणि काढलेले कूलंट मुले व पाळीव प्राणी यांच्यापासून दूर, झाकण असलेल्या डब्यात ठेवावे.

पायरी १ : लक्षण नीट पाहावे

इंजिन सुरू करून तापमान पूर्ण गरमवर आणि पंखा मधल्या वेगावर ठेवावा आणि साधारण पंधरा-वीस मिनिटे गाडी चालवावी. गाडी उभी असताना हवा थंड आणि वेग घेतल्यावर गरम होत असेल, तर कूलंट कमी आहे, नळ्यांत हवा अडकली आहे किंवा कूलंट फिरवणारा वॉटर पंप अशक्त झाला आहे. याच्या उलट, उभ्या गाडीत हवा कोमट आणि मोकळ्या रस्त्यावर वेगात गार होत असेल, तर थर्मोस्टॅटवर, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या झडपेवर, जवळजवळ बोट ठेवता येते. चालकाच्या बाजूला गरम आणि शेजारच्या आसनाकडे थंड, असा प्रकार असेल तर हवेची दिशा बदलणारी झडप किंवा अर्धवट तुंबलेला कोअर यांपैकी एक कारण असते. हवाच येत नसेल, तर प्रश्न उष्णतेचा नसून पंख्याचा आहे.

पायरी २ : हवाच येत नसेल तर

आधी फ्यूज पाहावा. पंखा फक्त सर्वांत मोठ्या वेगावर चालत असेल, तर ब्लोअरचा वेग कमी-जास्त करणारा रेझिस्टर जळालेला असतो. हा भाग बहुतेक गाड्यांत शेजारच्या आसनापुढील खणाच्या मागे असतो आणि दोन-तीन स्क्रू काढून बदलता येतो. हवा येते पण क्षीण असेल, तर आत येणारी हवा गाळणारा केबिन फिल्टर काढून पाहावा. पुढच्या काचेच्या तळाशी हवा आत घेणारी जाळी असते, तिच्यावर बर्फ साचला असल्यास तो आधी झटकावा, कारण तिथून आत गेलेला ओला बर्फ फिल्टरवर गोठून हवा अडवतो.

पायरी ३ : कूलंटची पातळी आणि ताकद

इंजिन पूर्ण थंड असताना टाकीवरील किमान आणि कमाल या खुणांमध्ये पातळी आहे का ते पाहावे. रेडिएटरला वेगळे झाकण असल्यास तेही उघडून आत डोकवावे, कारण टाकी भरलेली दिसूनही रेडिएटर रिकामा असू शकतो. हीटर कोअर अनेक गाड्यांत उंचावर असतो. त्यामुळे कूलंट घटले की सर्वांत आधी तो कोरडा पडतो, आणि इंजिनाच्या तापमानाचा काटा मात्र काहीच तक्रार करत नाही.

पातळीइतकेच मिश्रणही महत्त्वाचे आहे. ग्लायकॉल आणि शुद्ध पाणी निम्मे-निम्मे असलेले मिश्रण सुमारे उणे ३७ अंश सेल्सिअसपर्यंत गोठत नाही. ग्लायकॉल साठ टक्के केल्यास ही मर्यादा उणे ५० अंशांच्या आसपास जाते, पण निव्वळ ग्लायकॉल ओतणे उपयोगाचे नाही, कारण ते एकटे उणे १३ अंशांजवळच गोठू लागते. उन्हाळाभर साधे पाणी ओतून पातळी राखलेल्या गाडीत हे मिश्रण नकळत पातळ झालेले असते. हायड्रोमीटर किंवा रिफ्रॅक्टोमीटर या स्वस्त साधनांनी काही थेंबांत त्याची ताकद कळते. रंगावरून मात्र काहीही ठरवू नये, कारण एकाच रंगात वेगवेगळ्या जातीची कूलंट मिळतात आणि भिन्न जाती एकमेकांत मिसळल्यास चिखलासारखा गाळ धरू शकतो. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलीच जात भरावी.

इथे एक धोक्याची खूण ध्यानात ठेवावी. हीटर बर्फासारखा थंड आणि तापमानाचा काटा मात्र लाल पट्ट्याकडे चढत चाललेला दिसला, तर कूलंट रेडिएटरमध्ये किंवा नळ्यांत गोठलेले असण्याची अथवा ते जवळजवळ संपलेले असण्याची शक्यता असते. अशा वेळी इंजिन तत्काळ बंद करावे. गोठलेल्या रेडिएटरवर उकळते पाणी ओतण्याचा मोह टाळून गाडी उबदार जागी नेऊन कूलंट आपोआप वितळू द्यावे, आणि नंतर गळती तपासूनच इंजिन पुन्हा सुरू करावे.

पातळी वारंवार घटत असेल तर नुसते भरत राहण्यात अर्थ नाही. नळ्यांचे सांधे, वॉटर पंपाखालचा भाग आणि शेजारच्या आसनापुढील गालिचा पाहावा. गालिचा ओला, केबिनमध्ये गोडसर वास आणि काचेवर पुसूनही न जाणारे तेलकट धुके, या तिन्ही खुणा गळणाऱ्या हीटर कोअरच्या आहेत. बाहेर कुठेच थेंब दिसत नसेल आणि इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून गोडसर वासाचा दाट पांढरा धूर येत राहत असेल, तर सिलिंडर हेडच्या गॅस्केटचा (इंजिनाच्या वरच्या भागाचा सांधा बंद करणाऱ्या पट्टीचा) संशय घ्यावा. ते काम वर्कशॉपचे आहे.

पायरी ४ : थर्मोस्टॅट

अति थंडीतील हीटरच्या तक्रारींत थर्मोस्टॅटसारखा नेहमीचा आरोपी दुसरा नाही. इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणे एवढेच त्याचे काम, आणि बहुतेक गाड्यांत तो ८० ते ९५ अंशांच्या दरम्यान उघडतो. तो किंचित उघडा अडकला तर सौम्य हवामानात काहीच जाणवत नाही, कारण रेडिएटरमधून निसटणारी थोडी उष्णता इंजिन सहज भरून काढते. बाहेर उणे २५ अंश असताना मात्र त्याच फटीतून जाणारे कूलंट रेडिएटरमध्ये इतके गार होऊन परतते की इंजिनाला ते तापवणे झेपत नाही, आणि वेग जितका जास्त तितका गार वारा रेडिएटरवर अधिक आदळतो. म्हणूनच गाडी उभी असताना वर आलेला काटा महामार्गावर पुन्हा खाली घसरतो. संगणकीय तपासणीत पी ०१२८ हा संकेत दिसल्यास तोही याच गोष्टीकडे बोट दाखवतो. इंजिन सतत थंड राहिल्याने इंधनही जास्त जळते, तेव्हा ही दुरुस्ती लांबणीवर टाकू नये.

खात्री करण्यासाठी थंड इंजिन सुरू करून रेडिएटरच्या वरच्या मोठ्या नळीला अधूनमधून हात लावून पाहावा. पंखा आणि पट्ट्यापासून बाही दूर ठेवावी. थर्मोस्टॅट चांगला असेल तर नळी बराच वेळ थंड राहून मग एकाएकी गरम होते. ती पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत गेली, तर थर्मोस्टॅट बंद होत नाही असे समजावे.

बदलण्यासाठी थंड इंजिनातून थोडे कूलंट भांड्यात काढावे, थर्मोस्टॅटच्या कव्हरचे दोन-तीन बोल्ट सोडवावेत आणि जुने गॅस्केट दोन्ही पृष्ठभागांवरून ओरखडे न पाडता खरवडून घ्यावे. सामान्यतः नव्या थर्मोस्टॅटची स्प्रिंग इंजिनाच्या बाजूला येते आणि त्यावरील बारीक हलणारी पिन वरच्या दिशेला ठेवतात, म्हणजे हवा निसटून जाते. बसवण्यापूर्वी नवा थर्मोस्टॅट दोऱ्याने पाण्यात टांगून, भांड्याच्या तळाला टेकू न देता, तापमापीसह पाणी तापवावे. त्यावर कोरलेल्या अंशांच्या आसपास तो उघडू लागला म्हणजे निश्चिंत होता येते. कव्हर ॲल्युमिनियमचे किंवा प्लॅस्टिकचे असते, म्हणून बोल्ट आळीपाळीने आणि बेताने आवळावेत.

पायरी ५ : दोन नळ्यांची परीक्षा

पातळी ठीक आहे आणि काटाही नेहमीच्या जागी येतो, तरीही हवा थंडच असेल, तर इंजिनाच्या मागच्या भिंतीतून आत शिरणाऱ्या हीटरच्या दोन नळ्या शोधाव्यात. इंजिन पूर्ण तापल्यावर ते बंद करून नळ्यांना हातमोजा घालून स्पर्श करावा किंवा इन्फ्रारेड तापमापीने त्यांचे तापमान घ्यावे. दोन्ही कडक गरम असतील, परतीची किंचित कमी, तर कोअर निर्दोष असून दोष हवेच्या झडपेत आहे. एक गरम आणि दुसरी थंड किंवा नुसती कोमट असेल, तर कोअर तुंबला आहे किंवा मार्गातील हीटर व्हॉल्व्ह उघडत नाही. दोन्ही थंड असतील, तर कूलंट तिथपर्यंत पोहोचतच नाही : हवा अडकली आहे, किंवा वॉटर पंपाची पाती झिजली आहेत.

पायरी ६ : अडकलेली हवा काढणे

इंजिनाला वेग दिल्यावर डॅशबोर्डमागून पाणी खळखळल्याचा आवाज येणे ही अडकलेल्या हवेची खूण आहे. गाडी नाक वर राहील अशा चढावर उभी करावी, हँडब्रेक ओढून चाकांना अडसर लावावा, आणि इंजिन थंड असताना झाकण काढून, हीटर पूर्ण गरमवर ठेवून ते सुरू करावे. पातळी खाली जाईल तसे कूलंट ओतत राहावे. हवा काढण्याचा स्क्रू दिलेला असल्यास तो सैल करून बुडबुड्यांऐवजी सलग धार आली की आवळावा. थर्मोस्टॅट उघडून बुडबुडे थांबले, की झाकण लावावे. द्रव उसळू लागला तर चेहरा दूर ठेवावा. काही गाड्यांत झाकण बंद ठेवून वेगळी रीत वापरावी लागते, म्हणून पुस्तिका आधी वाचावी.

पायरी ७ : तुंबलेला कोअर धुणे

हे काम उबदार जागेत करावे, कारण कोअरमध्ये राहिलेले साधे पाणी बाहेरच्या थंडीत गोठून त्याच्या बारीक नळ्या फोडू शकते. दोन्ही नळ्यांवर खुणा करून क्लिपा सोडवाव्यात. जुनी रबरी नळी चिकटून बसली असेल तर ती पिळून ओढू नये. कोअरचा धातूचा नळ पातळ असतो आणि तो वाकला की मोठे काम अंगावर येते. नळीला ब्लेडने लांबीच्या दिशेने चीर द्यावी, सोलून काढावी आणि तिथे नवी नळी घालावी. मग बागेतील पाण्याची नळी कमी दाबाने परतीच्या तोंडाला लावून बाहेर येणारे पाणी बादलीत धरावे. आधी तांबूस गाळ येतो. पाणी स्वच्छ येईपर्यंत दिशा आलटून पालटून धुवावे, शेवटी फुंकून उरलेले पाणी काढावे आणि योग्य मिश्रण भरून पायरी ६ पुन्हा करावी. गळती बुजवणारी पूड कूलंटमध्ये टाकण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. गळतीइतकेच ती कोअरच्या बारीक वाटाही बुजवते, तेव्हा तिच्यापासून लांब राहिलेले बरे.

पायरी ८ : हवेची झडप

तापमानाचे बटण थंडवरून गरमवर फिरवताना डॅशबोर्डमधून टक्-टक् आवाज येत राहिला, तर झडप हलवणाऱ्या छोट्या मोटरचे प्लॅस्टिकचे दात तुटलेले असतात. हाताशी येणारी मोटर दोन-तीन स्क्रूंवर बदलता येते. मात्र तिच्यासाठी किंवा कोअरसाठी संपूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागत असेल, तर आत एअरबॅग असल्याने ते काम कुशल मेकॅनिकवर सोपवावे.

दुरुस्ती होईपर्यंत

थर्मोस्टॅट मिळेपर्यंत रेडिएटरच्या पुढील जाळीचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकल्यास इंजिन बरीच ऊब धरते. काटा नेहमीच्या जागेच्या वर जाऊ लागला किंवा थंडी ओसरली की पुठ्ठा काढावा. आतलीच हवा फिरवल्याने केबिन लवकर तापते, पण काचा धुरकटू लागल्या की बाहेरची हवा घ्यावी. उभ्या डिझेल गाडीत हवा उशिरा गरम होणे हा दरवेळी दोष नसतो, कारण गाडी न हलवता नुसते चालू ठेवलेले डिझेल इंजिन फार थोडी उष्णता सोडते. केबिनमध्ये गॅसची शेगडी किंवा निखारे मात्र कधीही पेटवू नयेत. विजेवरील गाड्यांत उष्णता विद्युत हीटर किंवा हीट पंप देतो. त्यांच्या नारिंगी वायरींना स्वतः हात न लावता अधिकृत सेवा केंद्रात जावे.

दुरुस्तीनंतर पुढील दोन-तीन थंड सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी कूलंटची पातळी पाहावी. राहिलेली हवा निघून गेल्यावर ती थोडी उतरते, तेवढी भरून घ्यावी आणि त्यानंतरही उतरत राहिली तर गळतीचा शोध पायरी ३ पासून पुन्हा घ्यावा.