ताण मोजताना: नाडी, घाम आणि दोन ठोक्यांमधले अंतर

शरीर चेतले आहे, एवढेच कोणतेही उपकरण सांगू शकते. ते भीतीने चेतले की आनंदाने, हे त्याला कळत नाही. मुलाखतीच्या दाराशी तळहात जसे घामेजतात तसेच ते लग्नाच्या मांडवातही घामेजतात. म्हणून प्रत्येक आकड्याशेजारी त्या वेळी काय चालले होते आणि शून्य ते दहा या मापावर किती अस्वस्थ वाटत होते, हे वहीत टिपून ठेवावे. त्याविना नुसत्या आकड्याला अर्थ नाही.

सुरुवात निवांतपणी करावी. आठवडाभर रोज एकाच वेळी, शक्यतो सकाळच्या चहाच्या आधी, पाठ टेकून पाच मिनिटे गप्प बसावे आणि मगच नाडी पाहावी. तर्जनी आणि मधले बोट मनगटावर अंगठ्याच्या रेषेत हलके ठेवावे. दुसऱ्या हाताचा अंगठा वापरू नये, कारण त्याची स्वतःचीच नाडी जाणवून घोटाळा होतो. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणल्यास एका ठोक्याची चूक चारांची होते, तेव्हा पूर्ण ६० सेकंद मोजावेत. प्रौढांची विश्रांतीतील नाडी साधारणपणे मिनिटाला ६० ते १०० असते, पण आपल्या कामाचा प्रश्न वेगळा आहे: एरवी ६८ भरणारी नाडी आज ८४ का भरली?

नाडीपेक्षा अधिक बोलके असते ते दोन ठोक्यांमधले अंतर. निरोगी हृदय घड्याळासारखे टिकटिकत नाही. श्वास घेताना ते किंचित वेगावते आणि सोडताना मंदावते, आणि हा चढउतार मुख्यतः परानुकंपी, म्हणजे शरीराला शांत करणाऱ्या, चेतासंस्थेच्या व्हेगस मज्जातंतूमुळे होतो. ताणाखाली या मज्जातंतूचा लगाम सैल पडतो आणि ठोके एकसुरी होऊ लागतात. मोजण्यासाठी छातीला बांधायचा पट्टा घ्यावा. मनगटी घड्याळ प्रकाशाच्या साहाय्याने नाडी टिपते आणि हात हलला की चुकते. समजा, लागोपाठची अंतरे ८१२, ८४६, ८३० आणि ८७१ मिलिसेकंद आली. त्यांतील फरक ३४, १६ आणि ४१; फरकांच्या वर्गांची सरासरी १०३१ आणि तिचे वर्गमूळ सुमारे ३२. या मापाला आरएमएसएसडी म्हणतात; ठोके एकसुरी झाले की ते घटते. प्रत्यक्षात पाच मिनिटांची नोंद घ्यावी, हाच कालावधी १९९६ च्या युरोपीय-अमेरिकी हृदयतज्ज्ञांच्या मार्गदर्शक तत्त्वांत अल्पकालीन नोंदीसाठी सुचवला आहे. मुद्दाम दीर्घ श्वास घेतल्यास आकडा फुगतो, म्हणून श्वास नेहमीसारखाच चालू द्यावा.

घामाचे मोजमाप त्याहून संवेदनशील आहे. तळहातांवरील घर्मग्रंथी अनुकंपी, म्हणजे शरीराला चेतवणाऱ्या, चेतासंस्थेच्या हुकमतीत असल्याने दोन बोटांना इलेक्ट्रोड लावून अत्यंत सौम्य विद्युतदाब दिला की त्वचेची वाहकता मायक्रोसिमेन्स या एककात मिळते. दचकल्यावर एक ते तीन सेकंदांत आलेख उसळतो. हात साध्या पाण्याने धुऊन कोरडे करावेत आणि खोलीचे तापमान रोज सारखे ठेवावे. मुंबईच्या मे महिन्यातला घाम चिंतेच्या खात्यावर जमा होऊ नये!

लाळेतील कॉर्टिसोल या ताणाच्या संप्रेरकाची चाचणी मात्र घरी करण्याजोगी नाही. शिवाय जाग आल्यानंतर अर्ध्या-पाऊण तासात ते तसेही चढते, त्यामुळे वेळ पाळली नाही तर अहवाल फसवा ठरतो.

आधाररेषा, म्हणजे निवांतपणीचा नेहमीचा आकडा, ठरली की छोटी कसोटी घ्यावी. कुणाला तरी समोर बसवून १०२२ मधून १३ वजा करत मोठ्याने उलटी मोजणी करावी. चूक झाली की पुन्हा १०२२ पासून. पाच मिनिटांनी थांबून दर मिनिटाला नाडी लिहावी. बोलण्यानेही नाडी वाढते, म्हणून दुसऱ्या दिवशी तेवढाच वेळ एखादा साधा उतारा मोठ्याने वाचून तुलना करावी. उसळी किती, यापेक्षा नाडी आधाररेषेवर यायला किती मिनिटे लागली, हा रकाना मी अधिक जपून भरतो. बीटा-ब्लॉकर, म्हणजे हृदयाची गती कमी करणाऱ्या, गोळ्या चालू असणाऱ्यांची नाडी मात्र दबलेली राहते, त्यांनी हा रकाना डॉक्टरांना दाखवल्याविना त्यावरून काही ठरवू नये.