गुडघा बदलल्यानंतर रेंगाळणारं दुखणं: आधी पाय सरळ करा

शेजारचे कुणी दीड महिन्यात जिने चढू लागले, म्हणून तुमचंही तसंच व्हायला हवं असं नाही. गुडघा बदलल्यावर सूज ३ ते ६ महिने राहू शकते आणि पाय पूर्ण सावरायला वर्षही लागतं. तोवर सांधा हाताला कोमट लागतो. टाक्यांच्या बाहेरच्या बाजूची कातडीही बधिर वाटते, कारण चीर घेताना तिथल्या बारीक नसा कापल्या जातात. या दोन्ही गोष्टींनी घाबरू नका.

डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्या. व्यायामानंतर कापडात गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटं लावा.

आता खरं अवघड काम, पाय पूर्ण सरळ करणं. माझे दोन्ही गुडघे बदललेले आहेत, नंतर ओळखीच्या बऱ्याच जणांकडून मी व्यायामही करून घेतले. सगळे ‘किती वाकतो?’ एवढंच विचारतात. किती सरळ होतो, हे कुणी विचारत नाही. पहिल्या गुडघ्याच्या वेळी मी इथेच सगळ्यांत जास्त झगडले.

सुजलेला गुडघा किंचित वाकवून ठेवला की आतला दाब कमी होतो आणि बरं वाटतं. मग कुणीतरी मायेनं गुडघ्याखाली उशी सरकवतं. ती उशी काढून टाका, रात्रीसुद्धा. तसाच पाय राहिला तर गुडघ्यामागचे स्नायू आणि सांध्याचं आवरण आखडतं. मग चालताना गुडघा अर्धवट वाकलेला राहतो, मांडीच्या पुढच्या स्नायूंना क्षणाचीही उसंत मिळत नाही आणि गुडघ्याचा पुढचा भाग दुखत राहतो. ‘ऑपरेशन होऊनही दुखतंच आहे’ म्हणणाऱ्या कितीतरी जणांचा पाय मी असा वाकडा पाहिला आहे.

उताणं पडा आणि टॉवेलची गुंडाळी टाचेखाली ठेवा. गुडघ्याखाली काहीही नको. पाय तसाच ५ ते १० मिनिटं सैल सोडा, दिवसातून तीन-चार वेळा. मधून मधून मांडी आवळून गुडघा खाली दाबा, पाच अंक मोजा, सोडा. मागे ओढ लागेल, ती लागायलाच हवी. पण घरच्या कुणालाही वरून जोर लावून गुडघा दाबू देऊ नका. त्यानं सूज वाढते आणि आणखी चार दिवस वाया जातात.

‘दुखलं तरी रेटा’ आणि ‘दुखलं की थांबा’ हे दोन्ही सल्ले मला मान्य नाहीत. निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी लागतो. व्यायामानंतरची ठणक तासाभरात शमली आणि सकाळी गुडघा कालच्यासारखाच असला, तर तेवढाच व्यायाम चालू ठेवा. सकाळी सूज जास्त आणि हालचाल कमी वाटली, तर व्यायाम निम्मा करा. पूर्ण बंद करू नका.

वाकवण्यासाठी टाच गादीवरून नितंबाकडे सरकवत न्या. सहा आठवड्यांनीही ९० अंश होत नसेल तर सर्जनना लगेच दाखवा. भूल देऊन गुडघा मोकळा करण्याचा उपाय साधारण पहिल्या तीन महिन्यांत अधिक गुण देतो.

काठी चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात धरा. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा.

पोटरी दुखून सुजली, ताप आला, जखमेतून पाणी किंवा पू आला, लाली पसरू लागली किंवा सरळ पाय अचानक उचलता येईना, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट तातडीच्या विभागात जा.

शंभरातल्या दहा ते वीस जणांना दीर्घकाळ दुखत राहतं. तुम्ही त्यांतले असाल तर ‘वय झालं’ हे उत्तर ऐकून घरी परतू नका. जंतुसंसर्ग आहे का, सांधा सैल झाला आहे का, हे तपासायला सांगा. सोबत कंबर आणि खुबाही तपासून घ्या, कारण तिथलं दुखणं गुडघ्यात उतरतं.